गोड्या पाण्यातली बोट आणि सडलेल्या तारा: सायखेड्याजवळचं एक प्रकरण

गोदावरी नाशिक शहर ओलांडून निफाड तालुक्यात उतरली की संथ होते. पुढे कादवा येऊन मिळते तिथे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्याचा फुगवटा मागे लांबवर पसरतो आणि शहराचं सांडपाणी पोटात घेऊन आलेल्या त्या पाण्यावर पाणवेली माजतात. सायखेडा-चांदोरीच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडावर पुलाच्या खांबांना वेलींचे ढीगच्या ढीग अडकतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच गावांत गोदावरीचं पाणी शिरलं होतं, त्यामुळे वेली वेळेत काढणं हा इथे जिवाशी संबंधित विषय आहे. ज्या बोटीबद्दल लिहितोय, ती हेच काम करते.

बोट फायबरची, २० फुटांच्या आसपास. मागे पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन, पुढे वेली ओढायला लोखंडी दातेरी पंजा आणि तो खेचायला १२ व्होल्टची विंच. एक लेड-ॲसिड बॅटरी, तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा बिल्ज पंप, त्याला आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच, दोन-तीन दिवे, एक भोंगा. एवढाच काय तो विजेचा संसार. मालक ठेकेदार आहेत. आमचं वर्कशॉप नाशिकमध्ये, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, आणि रोजचं काम वाहनांचे वायरिंग हार्नेस आणि कंट्रोल पॅनेलचं.

तक्रार अशी होती: रात्री जोराचा पाऊस झाला आणि सकाळी बोट घाटाला बांधलेल्या जागीच अर्धी बुडालेली सापडली. पंप त्या आधी दोन-तीनदा बदलून झाला होता. बॅटरी नवी होती. बोट चालवणारे काका शपथेवर सांगत होते की पंप चालू होता, त्यांनी स्वतःच्या कानाने आवाज ऐकला होता. आम्ही म्हणालो, तारा गंजल्या असतील. त्यावर ते म्हणाले, "आता हे काय कोकण हाय का भाऊ? इथं मीठ कुठून येणार तारंला?"

हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते या प्रश्नासाठी. गंज म्हणजे खारं पाणी, आणि गोड्या पाण्यातल्या बोटीला घरातली तार चालते, असं धरणावर आणि नदीवर बोटी चालवणारे बहुतेक जण मानतात. ते चूक आहे, आणि का चूक आहे याचं उत्तर याच बोटीच्या तळात होतं.

मीटरने काय दाखवलं

पंप बाहेर न काढता, आहे तसा पाण्यात चालू ठेवून मोजमाप घेतलं. बॅटरीच्या टोकांवर १२.५ व्होल्ट, पंपाच्या टोकांवर ९.३ व्होल्ट. मधल्या वाटेत ३.२ व्होल्ट गेले. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी पंपाच्या प्लसवर ठेवली: २.४. तसंच मायनसच्या वाटेवर: ०.८. प्रवाह साडेचार अँपिअर.

ही पद्धत मुद्दाम सांगतो, कारण गावोगावचे वायरमन अजूनही कंटिन्युटीचा, म्हणजे तार अखंड असल्याचा, 'पीं' आवाज आला की तार चांगली समजतात. मीटर कंटिन्युटी तपासताना अगदी किरकोळ प्रवाह सोडतो. एखाद-दुसरा तंतू शिल्लक असलेली तारही त्याला पास वाटते. खरा दोष तार भाराखाली असतानाच दिसतो.

आता हिशेब. बॅटरीपासून पंपापर्यंत तार ७ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १४ मीटर. बसवलेली तार घरगुती, दीड एमएमची, म्हणजे तांब्याचा छेद दीड चौरस मिलिमीटर. अशा बारीक तंतूंच्या तांब्याच्या तारेचा रोध मानकानुसार किलोमीटरला जास्तीत जास्त १३.३ ओहम. चौदा मीटरला ०.१८६ ओहम, साडेचार अँपिअरला ०.८४ व्होल्ट. तार नवीकोरी असतानाही इतके जाणारच होते. उरलेले जवळपास २.४ व्होल्ट जोडांत आणि सडलेल्या तांब्यात चालले होते. साडेचार अँपिअरने गुणलं तर १० वॉटच्या पुढे उष्णता, आणि त्यातली बहुतेक प्लसच्या बाजूच्या दोन-तीन जोडांत. तिथली टेप वितळून काळ्या डिंकासारखी झाली होती.

काकांनी ऐकलेला आवाज खरा होता. बिल्ज पंप सेंट्रिफ्युगल असतो. त्याचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात घटतो, पण पाणी वर चढवण्याची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. व्होल्टेज तीन-चतुर्थांशावर आलं की ताकद निम्म्याच्या जवळ येते. पंप घरघरत राहतो, पाणी मात्र पाइपमध्ये अर्ध्यावर येऊन थांबतं. त्या रात्री बोटीतला पंप फिरत होता आणि बोट भरत होती.

एकाच पाण्यातले दोन जोड

तळाची फळी उचलली तेव्हा या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट दिसली. फ्लोट स्विचजवळ दोन जोड होते, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. एकाच वायरमनने एकाच दिवशी, एकाच तारेने, पिळून टेप गुंडाळून केलेले. दोन्ही त्याच काळ्या पाण्यात पडलेले. बॅटरीकडून स्विचला येणारा जोड निळसर-हिरवा चिखल झाला होता, बोटाने दाबला तर तार तुटली. स्विचकडून पंपाला जाणारा जोड टेप काढल्यावर काळवंडलेला होता, पण आतून धड होता. घासल्यावर तांबं चमकलं.

पाणी तेच, तांबं तेच. फरक होता तो व्होल्टेजचा. फ्लोट स्विच बंद असताना, म्हणजे दिवसाचे जवळपास सगळे तास, बॅटरीकडच्या जोडावर सतत प्लस १२ व्होल्ट असतात. पंपाकडचा जोड मात्र मोटरच्या गुंडाळीतून मायनसला जोडलेला असतो, म्हणून तो शून्यावर असतो. दोन्हींच्या मध्ये घाण पाणी. ही बॅटरीवर चालणारी विद्युतविच्छेदनाची कुंडीच झाली. प्लसच्या टोकाचं तांबं विरघळत राहतं आणि मायनसच्या टोकाला उलट संरक्षण मिळतं.

हे किती वेगाने होतं याचा अंदाज फॅरेडेच्या नियमावरून बांधता येतो. फक्त १ मिलिअँपिअर गळती महिनाभर चालू राहिली तर सुमारे ०.८५ ग्रॅम तांबं विरघळू शकतं. दीड एमएमच्या तारेचा १ सेंटिमीटर तुकडा साधारण ०.१३ ग्रॅमचा असतो. म्हणजे महिन्याला सहा सेंटिमीटर तार. प्रत्यक्षात गळतीचा सगळाच प्रवाह तांबं खाण्यात जात नाही आणि तळात पाणीही कधी असतं, कधी नसतं, त्यामुळे वेग कमी असतो. तरी एका पावसाळ्यात जोड का संपतो हे समजायला एवढं पुरे. बॅटरी मिलिअँपिअरच्या गळतीने उतरत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

समुद्राचं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा शंभर पटीच्या आसपास जास्त वीज वाहून नेतं, हे खरं. समुद्रात हाच जोड फार लवकर गेला असता. गोडं पाणी मरण लांबवतं, टाळत नाही. आणि इथलं पाणी नुसतं गोडंही नव्हतं. पंज्याने ओढलेल्या वेलींची मुळं आणि गाळ बोटीत पडतो, तळात कुजतो, त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास येतो तोच हा वायू. तांब्याला तो काळं करतो. इन्सुलेशन सोलल्यावर आतली तार हातभर आतपर्यंत काळीठिक्कर निघाली. उघड्या टोकातून पाणी तंतूंच्या फटींतून केशाकर्षणाने वर चढत जातं आणि प्लास्टिकच्या आत, बाहेरून काही न दिसता, तार मरते. अशा तारेला नवीन थिंबल, म्हणजे टोकाला चेपून बसवायची धातूची टोपी, लावून उपयोग नसतो. काळ्या तांब्यावर क्रिंप, म्हणजे तो चेपून केलेला जोड, कितीही दाबा, संपर्क कच्चाच राहतो.

निफाडच्या द्राक्षवाल्यांना यातली अर्धी रसायनविद्या आधीच ठाऊक असते. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचा नाही, आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण जमलं की नाही हे बघायला त्यात लोखंडी पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. द्रावणातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळतं. बोटीच्या तळात हेच होत होतं. तारेतून सुटलेलं तांबं पाण्यातून जाऊन पंज्याच्या ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर बसलं होतं आणि तिथे टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडले होते. ही गोष्ट ठेकेदारांना सांगितल्यावर त्यांना पटकन पटली. त्यांची स्वतःची बाग आहे.

आधी जोडांची जागा

दुरुस्ती करायची नाही, सगळी तार काढून नव्याने टाकायची असं ठरलं. बोटीचं वायरिंग आखताना लोक सुरुवात तारेपासून करतात: कोणती तार, किती एमएम, कोणत्या कंपनीची. आम्ही सुरुवात जोडांपासून केली. जोड किती असतील आणि ते कुठे असतील हे कागदावर पक्कं झाल्याशिवाय तारेचा विषयच काढला नाही. अखंड तार पाण्यात पडली तरी सहसा टिकते. मरतो तो जोड, आणि जोडातून तार.

जागेचा निकष शोधायला फार विचार करावा लागला नाही. बोट बुडाली तेव्हाची गाळाची रेघ आतल्या बाजूला स्पष्ट उमटली होती. ठरवलं: त्या रेघेच्या खाली एकही जोड नको. पंप आणि फ्लोट स्विच तळात असतात, त्यांच्या स्वतःच्या तारा साधारण मीटरभरच येतात, म्हणून घाईत असलेला माणूस त्या तिथेच तळात जोडून मोकळा होतो. आम्ही त्या सरळ उभ्या वर नेल्या, कडेच्या पट्टीखाली, आणि जोड तिथे केले. त्यासाठी पंपाची जागा थोडी सरकवावी लागली. जुन्या वाटेवर प्लसच्या बाजूला सहा जोड होते, नव्या वाटेवर मोजकेच, आणि तेही सगळे रेघेच्या वर आणि हाताला येतील असे.

दुसरा निर्णय पंपाच्या फीडचा. बोट सोडून जाताना लोक मुख्य स्विच बंद करतात, आणि ते बरोबरच आहे. पण मग पंपही बंद होतो. म्हणून पंपाची स्वयंचलित लाइन मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसह घेतली. अमेरिकेतल्या एबीवायसी या संस्थेचे बोटींच्या विजेचे नियम अमेरिकेबाहेरही बरेच जण वापरतात. त्यांत फ्यूज विजेच्या उगमापासून ७ इंचांच्या आत, म्हणजे १८ सेंटिमीटरच्या आत हवा असं आहे. तार आवरणातून नेली असेल तर थोडी सवलत मिळते. या अंतरामागचं कारण साधं आहे: फ्यूजच्या आधीचा तारेचा तुकडा कशानेच सुरक्षित नसतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. जुन्या बोटीत फ्यूज सोयीसाठी स्टिअरिंगजवळ होता, बॅटरीपासून दोन-तीन मीटर लांब. पेट्रोलच्या टाकीशेजारून जाणारी ती तार फ्यूजविना होती. बोट बुडण्यापेक्षा मोठा धोका तिथे होता.

दिव्यांचं मायनस विंचच्या लोखंडी चौकटीला जोडलेलं सापडलं. हे काम नक्कीच एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं. गाडीत बॉडी म्हणजेच मायनस, ती सवय हातात बसलेली. पाण्यातल्या बोटीत लोखंडातून परतीचा प्रवाह नेला की त्या लोखंडाच्या दोन टोकांत थोडाफार व्होल्टेजचा फरक पडतो, आणि पाण्यात बुडालेला पंजा आणि इंजिनाचा ॲल्युमिनियमचा पाय यांच्यात भटका प्रवाह सुरू होतो. प्रत्येक उपकरणाला स्वतःची मायनस तार आणि सगळ्यांचं एकच परतीचं ठिकाण, कल्हई केलेली तांब्याची पट्टी, म्हणजे बसबार. यात तडजोड केली नाही.

तार कोणती

पंपाच्या सर्किटला व्होल्टेजची घट ३ टक्क्यांच्या आत ठेवायची असं धरलं. नौकानयनाचे दिवे, मुख्य फीडर आणि जिथे घट परवडत नाही तिथे ३ टक्के, बाकीच्या किरकोळ गोष्टींना १० टक्के, असा एबीवायसीचा दंडक आहे. बारा व्होल्टचे ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट. पंप ५ अँपिअरचा, वाट १४ मीटरची. कल्हई केलेल्या चार एमएमच्या बारीक तंतूंच्या तारेचा रोध किलोमीटरला ५.०९ ओहम. घट निघते ०.३५६ व्होल्ट, म्हणजे कागदावर जेमतेम पास. सहा एमएमला ३.३९ ओहम, घट ०.२४ व्होल्ट, दोन टक्के. आम्ही सहा घेतली. जोड म्हातारे होणार, उन्हाळ्यात तार तापणार. कागदावर काठावर पास झालेलं सर्किट पाण्यात काही वर्षांनी नापास होतं.

कल्हई म्हणजे कथिलाचा थर. त्याने तारेचा रोध तीनेक टक्क्यांनी वाढतो, पण सल्फाइडपुढे कथिल तांब्यासारखं हार मानत नाही. हे ज्ञान बोटींतून आलेलं नाही. पूर्वी विजेच्या तारांवर गंधक घालून पक्कं केलेलं रबर चढवत, ते गंधक तांब्याला खायचं, म्हणून तांब्याला कल्हई करायची पद्धत पडली. आमच्या बोटीतलं गंधक पाणवेलींतून येत होतं एवढाच फरक.

आता प्रश्न होता, अशी तार नाशिकमध्ये मिळवायची कुठे. बोटीची म्हणून विकली जाणारी केबल मुंबईहून मागवावी लागते. पण सोलर पंपांमुळे तालुक्याच्या गावच्या दुकानातही सोलरची डीसी केबल मिळते, आणि युरोपीय मानक ५०६१८ प्रमाणे बनवलेली ही केबल कल्हई केलेल्या, बारीक तंतूंच्या तांब्याचीच असते. वर इन्सुलेशनचे दोन थर, ऊन सोसणारे. चार आणि सहा एमएम सहज मिळतात, लाल आणि काळ्या रंगात. रिळावर मानकाचा शिक्का आहे का ते बघून घ्यायचं आणि दुकानदाराच्या समोर टोक सोलून तंतू चंदेरी आहेत का ते पाहायचं, कारण सोलर म्हणून साधी तारही गळ्यात मारतात.

तिच्या मर्यादाही आहेत. पेट्रोल-ऑइल सोसण्याच्या दृष्टीने ती बनवलेली नाही, म्हणून इंजिनाजवळचा टप्पा आम्ही तेल सोसणाऱ्या बोट-केबलने केला, तेवढीच मुंबईहून आणली. आणि दुहेरी आवरणामुळे ती जाड असते. प्लास्टिकची बाही असलेले तयार टर्मिनल तिच्यावर बसत नाहीत. उघडे, कल्हई केलेले तांब्याचे लग, म्हणजे थिंबलच, आणि वरून वेगळी डिंकाची स्लीव्ह, असं करावं लागतं.

विंचची केबल म्हणजे वेल्डिंगची केबल होती. शास्त्राप्रमाणे तीही बदलायला हवी. टोकं कापून पाहिली, आत तांबं लख्ख होतं, ती सगळी गाळाच्या रेघेच्या वरून गेलेली होती. ठेवली. लग नवे लावले आणि दरवर्षी एक टोक सोलून बघायचं असं वहीत लिहून दिलं.

हाताचं काम

अंबड-सातपूरला या कामासाठी माणसं सापडणं ही नाशिकची खरी श्रीमंती आहे. वाहन उद्योगामुळे क्रिंप म्हणजे काय हे इथल्या मुलामुलींच्या हातात आहे. रॅचेटचा क्रिंपर पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही, साईज चुकली तर टर्मिनल फेकायचं, दात लावून किंवा पक्कडीने चेपायचं नाही, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. पॅनेल वायरमनकडून फेरूल आले: प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबर. आणि जुने घरगुती वायरमन तारा सुबक वळवून बसवण्यात सगळ्यांच्या पुढे.

सोल्डर करावं का, यावर बराच वाद झाला. आमच्यातल्या एका जुन्या कारागिराचं मत होतं की सोल्डरशिवाय जोड म्हणजे अर्धा जोड. पण सोल्डर तंतूंमध्ये वर चढतं, तिथवर तार सळईसारखी ताठ होते, आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी त्या कडेला तुटते. शिवाय फ्लक्स धुतला गेला नाही तर तोच गंज सुरू करतो. आम्ही नुसता क्रिंप ठेवला आणि त्याची परीक्षा घेतली. सहा एमएमच्या जवळच्या मापाला एबीवायसी ४० पौंड ओढ सोसायला सांगते, म्हणजे १८ किलो. नमुन्याच्या जोडाला टोमॅटोचा भरलेला २० किलोचा क्रेट लटकवून ठेवला. जोड हलला नाही, आणि त्या कारागिराचं समाधान झालं.

प्रत्येक जोडावर आतून डिंक असलेली, तापवल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवली. दोन्ही टोकांना डिंकाचा बारीक कडा बाहेर आलेला दिसला तरच जोड पास. गरम हवेची बंदूक वापरायची; लायटरने एक बाजू जळते आणि दुसरीकडचा डिंक वितळतच नाही. जुन्या जोडांवर कोणीतरी काळजीने सिलिकॉन फासलं होतं, आणि नेमकं त्याने घात केला होता. बाजारातलं स्वस्त, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, आणि ते तांब्याला खातं. सिलिकॉन लागलंच तर न्यूट्रल प्रकारचं घ्यावं, आणि तेही खोक्याच्या भोकाला, तांब्याला कधीच नाही.

फ्यूज आणि स्विचचा खोका ठेवताना निफाडची थंडी आडवी आली. हिवाळ्यात इथला पारा राज्यात सगळ्यात खाली जाणाऱ्या ठिकाणांपैकी एक असतो, आणि दुपारी पुन्हा चांगलं ऊन. खोका पूर्ण सीलबंद असला तर दिवसा आतली हवा फुगून बाहेर पडते आणि रात्री आकसताना ग्लँडच्या, म्हणजे तार आत घेणाऱ्या बुचाच्या, फटीतून ओलसर हवा आत ओढली जाते. पाणी आत येतं, बाहेर जात नाही. म्हणून सगळे ग्लँड खोक्याच्या तळातून घेतले आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एक बारीक भोक ठेवलं. प्रत्येक तार खोक्यात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं. तारांना दर ४५ सेंटिमीटरच्या आत आधार दिला. इंजिनाच्या पायाला असलेला झिंकचा बळीचा तुकडा, म्हणजे पाय वाचवायला आधी स्वतः झिजणारा, काढून मॅग्नेशियमचा लावला; गोड्या पाण्यात झिंकवर थर चढतो आणि ते काम करेनासं होतं.

बोट पाण्यात सोडण्याआधी वर्कशॉपमध्ये बादलीतला एक प्रयोग केला, तो मुख्यतः ठेकेदारांना दाखवण्यासाठी. नदीचं पाणी आणि कुजलेल्या वेली, त्यात चार प्रकारचे जोड, प्रत्येकावर प्लस १२ व्होल्ट: पिळून टेप लावलेला साध्या तांब्याचा, पिळून टेप लावलेला कल्हईच्या तारेचा, सिलिकॉनचा, आणि क्रिंपवर डिंकाच्या स्लीव्हचा. पहिला हिरवा पडला. दुसराही पडला, थोडा उशिरा. हे बघणं महत्त्वाचं होतं. प्लस व्होल्टेज आणि पाणी एकत्र आलं की कथिलही विरघळतं. कल्हईची तार घेतली म्हणून उघडा जोड वाचत नाही. चौथा जोड कापून पाहिला तर आत कोरडा.

एक पावसाळा गेल्यावर

पावसाळा संपल्यावर बोट पुन्हा मोजली. पंप चालू असताना बॅटरीवर १२.५, पंपावर १२.२ व्होल्ट. हिशेबातल्या ०.२४ पेक्षा किंचित जास्त घट, जी पंपाच्या स्वतःच्या बारीक तारांत जाते. सगळे स्विच बंद करून बॅटरीच्या प्लसमध्ये मिलिअँपिअरचा मीटर मालिकेत लावला, तळात पाणी असताना: काही नोंदलं गेलं नाही. ही तपासणी काकांना शिकवली आहे. दर महिन्याला एकदा करायची, आकडा वहीत लिहायचा. आकडा दिसू लागला की कुठेतरी तांबं विरघळतंय, दिवे-पंप सगळं नीट चालत असलं तरीही.

एक गोष्ट बिघडली. विंच चालू-बंद करणाऱ्या साध्या रिलेचे चांदीचे संपर्क काळे पडले आणि विंच अधूनमधून अडू लागली. चांदीलाही सल्फाइड सोसत नाही. तिथे सीलबंद रिले बसवला.

ठेकेदारांनी आता दुसरी बोट घेतली आहे आणि तिची आखणी सुरू आहे. पहिल्या बोटीत अजूनही एक तार चोवीस तास प्लसवर राहून तळात उतरते, फ्लोट स्विचची. जोड वर असला तरी स्विचच्या कवचाला तडा गेला की तीच गोष्ट पुन्हा सुरू होईल. दुसऱ्या बोटीत म्हणून हवेच्या दाबावर चालणारा स्विच घेतोय. तळात फक्त एक उपडी घंटी आणि तिच्यातून वर जाणारी नळी, पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि वर, रेघेच्या बऱ्याच वर बसवलेला स्विच लागतो. कपडे धुण्याच्या यंत्रात पाण्याची पातळी याच तत्त्वाने कळते. तळात प्लसची तार उरतच नाही. पंपाच्या दोन तारा तेवढ्या उतरतात आणि त्या पंप बंद असताना शून्यावर असतात. काळजी एकच आहे, वेलींच्या मुळांनी घंटीचं तोंड बुजण्याची. त्यासाठी तिच्याभोवती स्टेनलेसच्या जाळीचा पिंजरा करतोय, आणि तो हाताने उचलून धुता येईल असा ठेवायचा आहे. काकांनी जाळीची भोकं किती मोठी असावीत हे स्वतः नदीतून मुळं आणून मापून सांगितलं.